पृथ्वीराजची कॉन्टेसा

भंगारातली कॉन्टेसा आणून पृथ्वीराजनं ती पाटसच्या घरी, गोठ्यातच नवी केली होती. मोठं इंजिन, रुंद टायर, जमिनीला टेकेल इतकी खाली घेतलेली बॉडी. तिचा आवाज पार हायवेच्या वळणावरून घरात यायचा. तो ऐकला की त्याची आई, साखरबाई, चुलीवर तवा ठेवायच्या.

मग गळिताच्या दिवसांत त्याच गाडीला उसाच्या ट्रकनं ठोकलं. गाडी घरी आली, पृथ्वीराज आला नाही.

"जिनं पोर नेलं तिला कशाला कुरवाळताय आबा? घाला की भंगारात," लोक त्याच्या वडिलांना, मारुतरावांना म्हणायचे.

"त्याच्या हातचं एवढंच ऱ्हायलंय," म्हणत ते चेपलेले पत्रे ठोकत बसायचे.

परवा संध्याकाळी इंजिन एकदाचं सुरू झालं. तोच आवाज! मारुतराव बायकोला हाक मारणार, तोच चुलीजवळून साखरबाईच बोलल्या,

"आलास व्हय रं? हातपाय धू, भाकरी टाकलीया तव्यावर."



मारुतरावांचा हात चावीवरच राहिला. गाडी बंद करायचा त्यांना धीरच होईना.