मीटरचा पुरावा

परदेशातून आलेल्या त्या जुन्या गाडीचा मीटर तीस हजार किलोमीटर दाखवत होता. ब्रेकच्या पेडलवरचं रबर मात्र पार लोखंडापर्यंत झिजलं होतं. गिऱ्हाइकाने दलालाची मानगूट धरून त्याचं नाक पेडलवर दोनदा आपटलं.

"मीटर मागे फिरवतोस? चल पोलिसांत! हा मीटरच पुरावा आहे."

"एवढा राग आहे, तर फोडा की तो मीटर, साहेब!" रक्त पुसत दलालाने पाना पुढे केला. "की हिंमत नाही?"

हिमतीचं नाव निघाल्यावर गिऱ्हाईक कुठलं ऐकतंय! मीटरचा भुगा झाला, तेव्हा कुठे त्याचा हात थांबला.

दलालाने नाकाला फडकं लावून आत गॅरेजमधल्या आपल्या मेकॅनिक भाऊजींना हाक मारली, "भाऊजी, फुटला एकदाचा! शून्यावरचा नवा बसवा. कोणी विचारलंच, तर जुना गिऱ्हाइकाने फोडला म्हणून सांगू. खोटं कशाला बोलायचं?"