राणीची चोळी

धुळ्यात प्लेग ओसरला म्हणून नाटक पुन्हा लागलं होतं. पडद्यामागे कंपनीचा शिंपी चिंधा राणीच्या शालूच्या निऱ्या बसवत होता. राणीचं काम करणारा रुपचंद हात वर करून हसला, "आबा, चोयी काखमा काचस. तुमना हात चुकना आज!" चिंधाचे हात थांबले. गेल्या दिवाळीला नवी चोळी घालून त्याची बायकोही हेच म्हणाली होती. आपलंच माप चुकलं असं समजून त्याने हसत शिलाई उसवून दिली होती. तिच्या काखेतली प्लेगची गाठ दुसऱ्या दिवशी सकाळी दिसली. भाऊबीजेच्या आत बायको गेली. "आते उसवा ना, दुसरी घंटा व्हई गई," रुपचंद म्हणाला. चिंधाने कात्री खाली ठेवली. या खेपेला तरी आपलं माप चुकून चोळीच घट्ट झालेली असू दे, असं देवाला विनवत त्याने काखेत बोट घातलं. एक शिरलं. दुसरंही शिरलं. चोळी सैल होती.