उष्टे पिंजरे

हातपाय धुवायला खुमेंद्र नाल्यावर उतरला आणि जागीच थबकला. प्राण्यांच्या सर्व्हेच्या कामावर ठेवलेली रुख्माबाई उंदरांचे पिंजरे घासत बसली होती. आधी राख, वरून साबणाचा चुरा. घासून झालेले पिंजरे खडकावर पालथे घातलेले.

"बाई, हे रोज करता तुम्ही?"

"त काय! तुमी तिकडं पाखरं पायत रायता, मी इकडं घासून ठेवतो."

खुमेंद्र मटकन खालीच बसला. कोहमाऱ्याजवळच्या या टेकडीवर पहिल्या दिवशी छान उंदीर सापडले होते. शेपटीला नेलपॉलिश लावून सोडून दिले. खुणेचा उंदीर पुन्हा सापडला तरच तो इथला रहिवासी, असा सर्व्हेच्या साहेबांचा नियम. त्यानंतर एक शेपूट दिसेल तर शपथ! गूळ बदलला, शेंगदाणे भाजून घातले, चढून-उतरून जीव नकोसा झाला. आणि इथे हा साबण! दुसऱ्या उंदराचा वास आला की उंदीर बेधडक आत शिरतो. साबणाच्या वासाला तो फिरकतसुद्धा नाही.

"पण घासता कायले?" तो ओरडलाच.

"काऊन, एकाच्या उष्ट्या भांड्यात दुसऱ्याले वाढाचं का? त्याले बी जीव आहे न."

त्याला हसू आलं आणि रडूही. आजचा शेवटचा दिवस. परत न्यायला जीप वर येऊन उभी होती. इथे जीव राहतात हे दाखवता आलं तरच टेकडीवर होऊ घातलेली खदान अडणार होती. रुख्माबाईची मोहाची झाडं त्याच टेकडीवर होती.

"आज त सापडला असन न, सर?"

"नाही."

"मंग टेकडी खदानवाल्याईची?" तिचे हात थांबले. "माह्याकडून काई चुकलं का?"

सांगावं, असं अगदी ओठावर आलं. साबणानं तिच्या बोटांना भेगा पडल्या होत्या. त्याला तिची फार दया आली, स्वतःचीही.

"नाही बाई. ते उंदीर इथले नव्हतेच. वाट चुकून आले होते."

रुख्माबाईला ते पटलं नाही. तिनं एक धुतलेला पिंजरा उचलला आणि पुन्हा राखेत बुडवला.

"एक रात आखीन थांबा न, सर. असा चकचकीत करून देतो का उंदीर आल्याबिगर रायनार नाही."