डब्याचं झाकण

निपाणीच्या सूतगिरणीच्या दिवाळखोरीचा खटला हाती घेतानाच न्यायाधीश त्रिशलाबाईंनी लिहून दिलं होतं की कुणाही पक्षकाराशी आपली ओळख नाही. आज निकाल तयार होता. कायद्यानं गिरणी वाचत होती. सही जेवणानंतर करू म्हणत त्यांनी डबा उघडला, तर झाकणावर कोरलेली अक्षरं नजरेस पडली: ‘त्रिशलाच्या लग्नात सप्रेम भेट, कुंथुनाथ, सूतगिरणी, निपाणी.’ वीस वर्षं रोज हाताळलेला डबा, पण नाव कधी वाचलंच नव्हतं. “मॅडम, असली भांडी घरोघरी असत्यात,” झाकणावरचं नाव वाचून लघुलेखक ज्योतिबा म्हणाला, “नवं खंडपीठ येईतोवर गिरणी टिकायची न्हाय.” “ठाऊक आहे.” निकाल बाजूला सारून त्यांनी खटल्यातून माघार घेतली. संध्याकाळी कोर्टाच्या व्हरांड्यात गिरणीमालक कुंथुनाथ एकटेच बसले होते. “तुला अडचण नको म्हणून ओळख दाखवली न्हाय, पोरी.” आता अडचण नव्हती. त्रिशलाबाई त्यांच्या पाया पडल्या.