हिंदुस्थानचं खाचर

स्वराज्य अजून कोवळं होतं. हरिहरेश्वराजवळच्या आमच्या वाडीत ग्रामसेवक आले आणि म्हणाले, "अख्ख्या आशियात बघा, चीन आपल्यापुढे, आणि जपान तर एकरी आपल्या तिप्पट भात काढतो. तो फरक तुम्हाला डोळ्यांनी दाखवतो."

वाडीतल्या धर्माजीच्या भाताच्या दोन खाचरांवर त्यांनी दोन पाट्या ठोकल्या. 'जपान' धर्माजीकडे दिला, तिथे दोरी धरून सरळ लावणी आणि भरपूर शेणखत. 'हिंदुस्थान' त्याच्या बायकोकडे, मनुबाईकडे. तिथे जुनीच रीत, आणि खत अजिबात घालायचं नाही.

लावणीलाच बायका चिडवू लागल्या, "मनू, देश बुडवतेस गं बाय!" मनुबाई हसली खरी, पण घरी येऊन नवऱ्याला म्हणाली, "माज्याच हातनं आपला देश हरायचा, व्हय?" त्या दिवसापासून तिच्या तोंडून एक गाणं फुटेना, आणि धर्माजीच्या पानात कालवण सांडल्यागत पडायचं, वाढल्यागत नाही.

झोडणी झाली, आणि हिंदुस्थानची रास जपानच्या डोक्यावरून गेली. बायकांनी फेर धरला, ग्रामसेवकांनी डोकं धरलं.

"मनुबाई, आता मी वर काय कळवू? खरं सांगा, खत घातलंत ना?"

"हरेश्वराची शपथ, चिमूटभर न्हाय!" मनुबाई म्हणाली. आणि ते खरंच होतं.



धर्माजी मान खाजवत पुढे झाला, "जपानचं समदं खत मीच तिकडं टाकलं, साहेब. जपान हरला तर माज्या घरात कोण रुसणार हाय?"