वरच्या वाडीची रिंग

फळ्यावर एकच नाव उरलं होतं, वरची वाडी.

अम्बरीन मॅडम त्या नावाकडे आणि टेबलावरच्या लँडलाइनकडे आळीपाळीने बघत होत्या. पावणेसात वाजले होते. शाळा साडेचारलाच सुटली होती, पण ती मुलांपुरती. महाडच्या वेशीबाहेरच्या या शाळेत ऑफिसातला फळा कोरा झाल्याशिवाय मुख्याध्यापकांची सुट्टी होत नाही. मुलं जीपने पोलादपूरकडच्या वाड्यांवर पोचली की त्या त्या वाडीतलं थोरलं मूल शाळेला फोन लावतं, दोन रिंगा देतं आणि कापतं. इकडे फोन उचलायचा नाही, फक्त फळ्यावरचं वाडीचं नाव पुसायचं. रिंग गेल्याशिवाय जीपनेही शेवटची वाडी सोडायची नाही. आता घरोघरी फुकट बोलायचे प्लॅन आलेत, तरी कोणी एक शब्द बोलत नाही. रीत म्हणजे रीत.

ही रीत रऊफचाचांची. त्यांनी स्वतःचे ट्रक दारात उभे करून गॅरेज रिकामं केलं आणि तिथे शाळा काढली. मोहल्ल्यातल्या मुली आणि डोंगरातले मुलगे एकाच सतरंजीवर बसवले, तेव्हा दोन्हीकडून बोलणी खाल्ली. त्याचं त्यांना काही वाटलं नाही. पण दुसऱ्या वर्षी जीप रात्रभर घाटात अडकली आणि शाळेला ते सकाळी कळलं, ते त्यांच्या मनाला लागलं. त्याच दिवशी हा फळा आला. चाचा आता ऐंशीचे आहेत. रोज संध्याकाळी ऑफिसातल्या कोपऱ्यातल्या खुर्चीत येऊन बसतात आणि नाव नीट पुसलं जातंय ना, यावर डोळा ठेवतात.

वाटेतल्या पहिल्या वाडीची, कापड्याची, रिंग पावणेसहालाच आली होती. मग एकेक करून बाकीच्या आल्या. वरची वाडी आंबेनळी घाटाच्या पायथ्याला, सगळ्यात शेवटी. तिथली चार मुलं, त्यांत थोरली नववीतली अंकिता. रेंज घरात नाहीच, घरांच्या वर एक कातळ आहे, तिथे चढून जावं लागतं. तरी साडेसहाच्या पुढे तिची रिंग कधी गेली नव्हती.

सात वाजता चाचा मगरिबच्या नमाजला उठले. धुकं असलं की महिपत गाडी हळू चालवतो, येईल रिंग, एवढं बोलून त्यांनी छत्री घेतली आणि गेले.

ते गेले आणि मॅडमचा धीर सुटला. जूनमध्ये त्या पनवेलहून इथे आल्या होत्या. तिथल्या शाळेची जबाबदारी फाटकापाशी संपायची. इथे ती कातळापर्यंत जाते, हे त्यांना कोणी आधी सांगितलं नव्हतं. चार पोरं, धुकं, घाटाखालचा रस्ता. नको ते डोळ्यांपुढे यायला लागलं. दुपारपासून लाइट नव्हती, त्यांचा मोबाइल कधीच मान टाकून बसला होता. त्यांनी लँडलाइनचा रिसीव्हर उचलला.

आधी ड्रायव्हर महिपतला लावला, तो कव्हरेज क्षेत्राबाहेर. मग कापड्यातल्या एका मुलाच्या आईला, आवडीबाईंना. जीप केव्हाच पुढे गेली म्हणाल्या. पोलादपूरच्या पोलीस ठाण्यात विचारलं, दरड पडल्याची खबर नव्हती. मग अंकिताच्या घरच्या मोबाइलचा नंबर फिरवला, तो बिझी. पुन्हा फिरवला, पुन्हा बिझी. मग त्या तोच एक नंबर फिरवत राहिल्या.

चाचा परत आले तेव्हा रिसीव्हर मॅडमच्या कानालाच होता.

"कधीपासून चाललंय हे?" चाचांनी विचारलं.

तुम्ही गेल्यापासून, मॅडम म्हणाल्या. अंकिताचा फोन सारखा बिझी येतोय, असं सांगत त्यांनी पुन्हा नंबर फिरवला.

चाचांनी छत्रीसुद्धा मिटली नाही. "बेटा, आधी तो खाली ठेव. तू तिला लावतेयस, ती तुला लावतेय. लागणार कसा?"

मॅडमनी रिसीव्हर ठेवला. स्वतःच्या अकलेची त्यांना लाज वाटली, पण लाजेपेक्षा भीती मोठी होती, कारण चाचांचं म्हणणं खरं असेलच असं नव्हतं. दोघंही फोनकडे बघत राहिले. चाचांच्या छत्रीचं पाणी ऑफिसभर झालं.

फोन वाजला. पुन्हा वाजला.

दुसऱ्या रिंगला मॅडमनी तो उचलला. ही रीत पडल्यापासून बावीस वर्षांत असं कोणी केलं नव्हतं.

पलीकडून अंकिताचा घाबरलेला आवाज आला. "मॅडम? तुमी उचलला? काय झालंय तिकडं? मघापास्नं लावतेय, एंगेजच येतोय. आमाला वाटलं, शाळंतच काय तरी झालं. अख्खी वाडी हितं कातळावर आलीय. महिपतमामा तर जीप घेऊन तिकडं यायला निघालेत."

मॅडम खुर्चीत बसल्या. हसू आणि रडू दोन्ही एकदम आलं. "काही नाही झालं गो," त्या म्हणाल्या. त्यांच्या तोंडी इकडचा 'गो' आजवर कधी आला नव्हता. "आम्ही सगळे बरे आहोत."

अंकिताने फोन तोंडापासून दूर धरला असावा. पावसाच्या आवाजावर आवाज चढवून ती कातळावरच्या माणसांना ओरडून सांगत होती, "बरी हाय, शाळा बरी हाय. चला आता घरी."