कापशाचं पथ्य

"खायला काय देता याला?" टेबलावर उभ्या केलेल्या कुत्र्याचं पोट चाचपत डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"भात आणि उकडलेली कोंबडी, मीठ न घालता. सोबत थोडा भोपळा," सून म्हणाली. "याचं पोट लहानपणापासूनच नाजूक आहे. म्हणून दोन्ही वेळचं मी स्वतः करते. बाकी काही नाही."

"काही म्हणजे काही नाही," सासूबाईंनी मागून री ओढली.

कापशा मुकाट्यानं पोट दाबून घेत होता. झिपऱ्या पांढऱ्या हनुवटीला गवताचं एक पातं चिकटलेलं. सकाळी दार उघडल्याबरोबर तो बागेत पळाला होता, गाईसारखा चरला होता आणि मग आत येऊन बैठकीतल्या गालिच्यावर सगळं हिरवंगार ओकून मोकळा झाला होता. गेले काही दिवस हे रोजचंच झालं होतं.

सुनेनं ते पातं हळूच काढून टाकलं. लग्न होऊन ती या घरात आली ती शिलाई मशीन आणि कापशा घेऊनच. तेव्हा सासूबाई दारातच म्हणाल्या होत्या, "मशीन आत घ्या. कुत्र्याचं बघू. घर घाण करायला लागलं तर आल्या वाटेनं परत." सासऱ्यांनी वर्तमानपत्रातून मान वर केली नव्हती. नवरा दोघींच्या मध्ये उभा राहून नुसता हसला होता. तेव्हापासून तिच्यासमोर कुणी कापशाच्या पाठीवरून हात फिरवलेला तिनं पाहिला नव्हता.

आणि आज सगळं घर दवाखान्यात हजर! निकाल स्वतःच्या कानांनी ऐकायचा असणार. सकाळी गालिचा घासता घासता तिनं आईला फोन केला होता. कापशाची जुनी टोपली माळ्यावरून काढून ठेव म्हणून सांगितलं होतं.

"गवताचं एवढं मनावर घेऊ नका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "बरीच कुत्री खातात आणि पचवतातही. फवारणी केलेलं नसलं म्हणजे झालं. पण हा रोज ओकतोय, पोट फुगलंय, शिवाय वजनही वाढलंय." त्यांनी कापशाच्या गुबगुबीत मानेची चिमूट धरून दाखवली. "भोपळा खाऊन कुणी असं बाळसं धरत नाही. याच्या पोटात काहीतरी तुपकट जातंय. खरं सांगा. नाहीतर मला सुया टोचून तपासण्या कराव्या लागतील."

सुया म्हणताच खोलीत चुळबुळ झाली. सुनेनं गोंधळून मागं पाहिलं.

सासरे हातातली टोपी गोल गोल फिरवत होते. त्यांनी घसा खाकरला. "म्हणजे... फिरायला जातो ना मी सकाळी, हा येतो मागं मागं. तिथे बेकरी आहे कोपऱ्यावर. लोणी लावलेला पाव..."

"अहो!" सासूबाई कडाडल्या. "तुम्हाला डॉक्टरांनी लोणी बंद केलंय ना?"

"मी कुठे खातो? मी नुसता पाव खातो. लोणी तो चाटतो."

नवऱ्याला हसू आवरेना. ते त्याला चांगलंच भोवलं.

"तू कशाला दात काढतोस?" सासरे त्याच्यावर घसरले. "सकाळी कामावर जाताना तळलेल्या अंड्याचा बलक टेबलाखाली कोण सोडतं? मला काय दिसत नाही?"

"बाबा, एकच बलक! तो असा बघतो की घास उतरत नाही घशाखाली."

"बापलेक एका माळेचे मणी!" सासूबाई म्हणाल्या. "ती पोर मेली उकडून उकडून दमली आणि तुम्ही दोघं मागच्या दारानं मेजवान्या घालताय! लाज नाही वाटत?"

"आणि आजी, तुम्ही?" डॉक्टरीणबाईंनी शांतपणे विचारलं.

कापशाला बहुधा उत्तर ठाऊक होतं. त्यानं मान वळवून सासूबाईंच्या पदराचं टोक हुंगलं आणि शेपटी हलवायला सुरुवात केली.

सासूबाईंनी पदर ओढून घेतला. मग अगदी बारीक आवाजात म्हणाल्या, "दुपारी सगळे झोपले की... थोडीशी साय. वाटीभरच. साखर नाही घालत हो मी!"

"आई!" नवरा ओरडला. "मी लहान असताना सायीला बोट लावलं तर फटका बसायचा मला!"

"तू कुठे असा शेपूट हलवायचास?"

डॉक्टरीणबाईंनी तोंड फिरवलं. त्यांचे खांदे हलत होते. टेबलाची कड धरून त्यांनी हसणं आवरलं, डोळे पुसले आणि आवाज कडक केला. "ऐका. याला आजार नाही, याला माणसं जास्त झालीत. आता काही दिवस एकाच माणसाच्या हातचं खाणं, तेही उकडलेलं. बाकीच्यांनी हात मागे बांधायचे. बोला, कुत्रं कुणाचं आहे?"

"माझं," सासूबाई म्हणाल्या.

"माझं," सासरे म्हणाले.

"माझं," नवरा म्हणाला.

तिघांनी चमकून एकमेकांकडे पाहिलं आणि तिथेच भांडण जुंपलं. आवाज इतका चढला की बाहेर बसलेल्यांपैकी कुणीतरी दार किलकिलं करून आत डोकावलं.

सून भिंतीला टेकून उभी होती. ओठांवर ओढणी घट्ट दाबून धरलेली. दुसऱ्या हातानं तिनं आईला निरोप पाठवला: टोपली परत माळ्यावर टाक.